कापलेलं पान

९ जानेवारी

दादा,

पुस्तक बाइंडरकडे गेलं असणार, हे मला माहीत आहे. हे पत्र वाचताना तू कपाळावर हात मारून घेशील, हेही माहीत आहे. खुशाल मार, पण आधी पूर्ण वाच.

'दोन दिवस' या कवितेची शेवटची ओळ बदलायची आहे. आत्ता ती 'मला अजून माफ करता येत नाही' अशी आहे. ती काढ आणि तिथे घाल : 'मी माफ करणार नाही. हे लिहून ठेव.'

कारण सांगते. काल ताईकडून पार्सल आलं, सहा वर्षांत पहिल्यांदाच. मला वाटलं, बाईसाहेबांना काहीतरी उपरती झाली. उघडलं तर आत आईचा चष्मा. उजवी काडी निखळली होती म्हणून मी दोरा गुंडाळून दिला होता, तोच. सोबत एका ओळीची चिठ्ठी : 'तुमच्या दुकानात कुणाच्या उपयोगी पडला तर बघ.' दादा, त्या काचा मी माझ्या हातांनी घासल्या होत्या. आईचा डावा डोळा इतका अधू, नंबर एवढा मोठा, की मशीनवर काच तीनदा फुटली. आणि हिला तो कुणाच्याही नाकावर चढवायचा आहे.

तू मामेभाऊ, तुला आमचं घर उभं-आडवं ठाऊक आहे. पुन्हा सांगायची गरज नाही, पण लिहिलं की माझा राग जागेवर बसतो. आई ताईकडे होती. मी इथे, चार तासांच्या प्रवासावर. आई गेली मंगळवारी सकाळी. मला कळलं गुरुवारी, तेही ताईच्या शेजारणीने 'तू कशी आली नाहीस गं?' म्हणून फोन केला तेव्हा. दोन दिवस मी दुकानात बसून लोकांच्या काचा घासत होते, गिऱ्हाइकांशी हसत होते, आणि माझी आई नव्हती. तिचा चेहरासुद्धा मला बघायला मिळाला नाही. मी फोनवर ओरडले तर ताई एवढंच म्हणाली, 'चुकलं.' त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

ही कविता मी पाठवली तेव्हा तू चार महिने उत्तर दिलं नव्हतंस. मी त्यावरून कधी काही बोलले नाही. त्याबद्दल तरी एवढं कर.

बोका अजून परतलेला नाही. दार लोटून ठेवते. शेजारचे हसतात, हसू देत.

तुझी ठिणगी


१५ जानेवारी

प्रिय ठिणगी,

कपाळावर हात मारून घेतला. आता ऐक.

एका ओळीसाठी सोळा पानांचा पूर्ण फर्मा पुन्हा छापायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्यामुळे जुना मार्ग काढला आहे. ते एक पान प्रत्येक प्रतीतून कापायचं, शिवणीशी नखभर पट्टी ठेवायची, आणि नवीन छापलेलं पान त्या पट्टीवर चिकटवायचं. बाइंडरकाका चाळीस वर्षं हे करत आलेत, त्यांचा हात इतका साफ आहे की जोड शोधूनही सापडत नाही. त्या पानाच्या पुढच्या बाजूला 'दोन दिवस'चा शेवट आहे आणि मागच्या बाजूला तुझ्या 'बोका' कवितेची सुरुवात. म्हणजे दोन्ही बाजू नव्याने छापाव्या लागल्या. तुझ्या बोक्याला फुकटात नवं अंग मिळालं.

माझ्या पुस्तकांत पानांना आकडे नसतात आणि अनुक्रमणिका नसते, यावरून तू मला नेहमी टोचतेस. मी अजूनही तेच म्हणेन की कविता म्हणजे गाड्यांचं वेळापत्रक नव्हे. मात्र या वेळी बाइंडरकाकांना नेमकं पान दाखवायला मला स्वतः जाऊन पानात दोरा ठेवावा लागला, हे कबूल करतो.

एक विचारू? आधीची ओळ बरी होती. 'माफ करता येत नाही' यात माणूस अडकलेलं दिसतं. 'करणार नाही' म्हटलं की दार आपटल्याचा आवाज येतो. ताई वाचेल तेव्हा तिला कसं वाटेल, याचा विचार कर. तरी तू कवयित्री, मी छापणारा. तू म्हणशील तसं.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

दहा प्रती पोचल्या. मुखपृष्ठाचा निळा रंग मनासारखा आलाय. आत काय आलंय ते मला माहीत नाही, कारण मी पुस्तक उघडलेलं नाही. तुला माझी खोड ठाऊक आहे. हाताने लिहिलेलं मी शंभरदा वाचते, प्रूफं तीनदा तपासते, पण छापून बांधून आलं की ते माझं राहत नाही. आधीची दोन पुस्तकंही तशीच कपाटात आहेत, कोरी करकरीत.

एक प्रत ताईला पाठवली. आत फक्त 'वाच' एवढंच लिहिलं. चष्म्याची पोच.

मी दुष्ट आहे असं तुला वाटत असेल तर वाटू दे. तिने ती ओळ वाचावी एवढ्यासाठी हे पुस्तक काढलं असं म्हटलं तरी चालेल. बाकीच्या चाळीस कविता तिच्या सोबतीला.

ठिणगी


५ मे

प्रिय ठिणगी,

बसली नसशील तर खाली बस. वर्षाच्या काव्यपुरस्कारासाठी पाच पुस्तकं निवडली गेली आहेत, त्यात तुझं आहे. एकशे सत्तर पुस्तकांतून पाच. समितीच्या अध्यक्षबाईंनी स्वतः मला फोन केला. दोन खोल्यांचं माझं प्रकाशन, वर्षाला चार पुस्तकं काढणारं, दारावरची पाटी वाऱ्याने वाकडी झालेली. बाई म्हणाल्या, तुमचा पत्ता शोधायला आम्हाला तीन दिवस लागले.

निकाल जूनअखेर आहे. समितीला 'दोन दिवस' फार आवडली, असं कानावर आलं आहे.

तू पुस्तक उघडलंस का गं? नसशील उघडलं तर राहू दे. तुझी पद्धत चांगलीच आहे. पण उघडलंस तर मला आधी कळव.

गेल्या आठवड्यात ताई माझ्याकडे येऊन गेली. पाच प्रती मागून घेतल्या. बाकी बोलणं विशेष झालं नाही.

तू पुस्तक उघडलंस का, ते कळव.

दादा


१६ मे

दादा,

वय झालं का तुझं? एका पत्रात एकच प्रश्न दोनदा. नाही उघडलं आणि उघडणारही नाही.

पुरस्काराचं वाचून दुकानाच्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, 'कविता? म्हणजे तुम्ही करता त्या? वा!' आणि मला एका बाईच्या वाचायच्या चष्म्याची काच दिली घासायला. आनंद झाला, दादा. खोटं कशाला सांगू.

पण त्याच दिवशी ताईचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते : 'तुझी कविता वाचली. रोज एकदा वाचते. तू असं लिहिशील असं वाटलं नव्हतं. मी येऊ का?'

काय समजायचं यावरून? मी तिला छापून सांगितलं की माफ करणार नाही, आणि ही रोज ते वाचते आणि येऊ का म्हणते. भांडायला येणार असेल. नाहीतर पुरस्काराचं कळलं असेल, आता बहीण म्हणून मिरवायचं असेल. पाच प्रती उगाच नेल्या नाहीत तिने. उत्तर दिलं नाही. चार दिवस झोप मात्र धड लागली नाही.

ठिणगी


२७ जून

प्रिय ठिणगी,

पुरस्कार तुला मिळाला आहे. पण हे पत्र अभिनंदनाचं नाही. अभिनंदन करायचा अधिकार मी घालवून बसलो आहे.

पुरस्काराच्या पत्रकात परीक्षकांनी तुझी कविता छापली आहे. ते तुझ्या हातात पडण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

ते पान चिकटवलंच गेलं नाही. बाइंडरकाकांनी सांगितल्याप्रमाणे जुनं पान सगळ्या तीनशे प्रतींतून कापलं. नवीन पानांचं पुडकं मुद्रकाकडून माझ्या टेबलावर आलं, मी त्यावर दुसऱ्या एका पुस्तकाची प्रूफं ठेवली, आणि विसरलो. काकांना वाटलं, पान फक्त काढायचं होतं. आकडे नाहीत, अनुक्रमणिका नाही, कुणाला पत्ता लागणार? एप्रिलमध्ये प्रूफं उचलली तेव्हा खाली पुडकं दिसलं. म्हणजे पाच मेचं पत्र मी सगळं माहीत असताना लिहिलं.

आता पुस्तकात काय झालंय ते सांगतो. तुझी कविता या ओळींनी पानाच्या तळाशी येते :

दोन दिवस तू काय केलंस?
पाणी प्यालीस? झोपलीस?
आईच्या उशीचा अभ्रा बदललास?
दोन दिवस मी इथे परक्यांच्या काचा घासत होते
आणि माझी आई नव्हती.

समोरच्या पानावर 'बोका'चं शेवटचं कडवं आहे :

ये. बस. उशीर झाला तर झाला.
इतके दिवस कुठे, कुणी विचारणार नाही.
अंग भिजलंय, पुसून घे.
दार लोटलेलं आहे.
कडी मी घालत नाही.

'बोका' हे शीर्षक, त्याच्या मिशा, शेपूट, सगळं कापलेल्या पानावर गेलं. उरलं ते तुझ्या कवितेला असं येऊन चिकटलं की जोड दिसत नाही. परीक्षकांनी लिहिलंय, 'क्षमेचा इतका साधा उद्गार आम्ही कित्येक वर्षांत वाचला नव्हता.'

ताईनेही हेच वाचलं. माझ्या कार्यालयात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबली. मी मान वर करून बघू शकलो नाही. त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही.

का गप्प राहिलो? पुरस्कारासाठी, असं तू म्हणशील. थोडं तेही असेल. पण खरं सांगायचं तर मला ती चुकीची कविता हवीशी वाटली. तुझ्या कवितेपेक्षा.

तू सांगशील ते करतो.

दादा


१ जुलै

ते मी बोक्यासाठी लिहिलं होतं!

तू समितीला आजच्या आज कळव. ज्या कवितेला त्यांनी पुरस्कार दिला ती मी लिहिलेलीच नाही. खरं पान त्यांना पाठव, ते वाचून काय ठरवायचं ते ठरवू देत. नाही दिला तर नाही. चुकून मिळालेल्या कौतुकावर मला मिरवायचं नाही.

उरलेल्या प्रती आणि पानांचं पुडकं माझ्याकडे पाठव. माझं पान मी चिकटवीन. तुझ्यावर आता भरवसा नाही.

आणि ताईला तू सांग. तू केलंस, तूच निस्तर. मी तिला काय सांगू? की बाई गं, तू रोज जे वाचून रडतेस ते एका मांजरासाठी आहे?

दोन महिने, दादा! तुला माझ्याशी खोटं बोलवलं तरी कसं?


१० जुलै

ठिणगी,

समितीला लिहिलं, पान जोडलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, आम्ही पाचही पुस्तकं पुन्हा वाचू, तोवर निकाल स्थगित. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोनशे अकरा प्रती राहिल्या होत्या. चार खोकी आणि पुडकं पाठवलं आहे. सोबत काकांनी त्यांचा ब्रश दिलाय. खळ पातळ ठेव, नाहीतर पान सुरकुततं.

ताईला सांगायला तिच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. रागाव, पण हे मला जमणार नाही.

दादा


८ ऑगस्ट

दादा,

ताई आली.

शनिवारी दुपारी मी जमिनीवर बसून पहिलं खोकं फोडत होते. दार लोटलेलं होतं. ते ढकलून ती सरळ आत आली, हातात पिशवी, पायातल्या चपला अजून तशाच. सहा वर्षांत पार वाळली आहे. मला म्हणाली, 'उत्तर आलं नाही, म्हटलं दार तर उघडंच आहे.'

मी उठले नाही, पाणीही विचारलं नाही. पुडक्यातलं वरचं पान उचललं आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, 'हे गळालं होतं. तुझ्या प्रतीत नाही.'

तिने उभ्याउभ्या वाचलं. 'मी माफ करणार नाही. हे लिहून ठेव.' मग पान उलटलं आणि बोका वाचला, मिशांपर्यंत, शेपटीपर्यंत. मी वाट बघत होते की आता रडेल, किंवा पान फेकून चालू लागेल. मी त्याचीच तयारी केली होती, दादा. इतकी वर्षं केली होती.

म्हणाली, 'म्हणजे दार माझ्यासाठी नव्हतं.'

'नाही.'

'मांजरासाठी होतं.'

'बोक्यासाठी.'

'तो कुठे बसायचा?'

मी खिडकीखालचं स्टूल दाखवलं. ती गेली, पिशवी मांडीवर घेऊन त्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, 'तो आला की उठेन.'

मला हसू आलं आणि हसताहसता रडूच फुटलं. तिला मात्र रडू आलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मग मी विचारलं. कवितेत विचारलं होतं तेच, पण तोंडाने पहिल्यांदा : 'दोन दिवस काय केलंस?'

'आधी फोन घेऊन बसले होते,' म्हणाली. 'नंबर लावायचे आणि ठेवायचे. तू हॅलो म्हटल्यावर पुढचं वाक्य काय बोलायचं, ते सुचेना.' पुढे काहीतरी बोलणार होती. पण तिची नजर खोक्यावर गेली, तुझ्या अक्षरातल्या माझ्या नावावर, आणि ती तेच वाचत बसली. चष्म्याचंही मी विचारलं. म्हणाली, 'कुठेही ठेवला तरी तो माझ्याकडे बघायचा गं. फेकवेना. तुझ्याकडे पाठवला तर तू सांभाळशील, हे माहीत होतं. चिठ्ठीत तसं कसं लिहिणार?'

मी तिला माफ केलं नाही. तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, 'मी कुठे मागितलं?' आणि उठून चपला काढल्या.

नंतर आम्ही दोघींनी पानं चिकटवली. ती पट्टीवर ब्रशने खळ लावायची, मी पान बसवायचे. अकरा प्रती झाल्यावर म्हणाली, तुझं पान तिरकं बसतं, दे इकडे. त्यानंतर ती ओळ तीच बसवत गेली, बोटाने दाबून, कडेपासून कडेपर्यंत. दोन दिवस लागले.

आता दर रविवारी येते म्हणते. बघू.

तुझ्यावरचा राग थोडा उतरलाय. फार चढून जाऊ नकोस.

ठिणगी


३० सप्टेंबर

प्रिय ठिणगी,

समितीचा निर्णय आला. पुरस्कार दुसऱ्या पुस्तकाला गेला, एका मुलीच्या पहिल्या संग्रहाला. चांगला आहे, मी वाचलाय. अध्यक्षबाईंनी तुझ्यासाठी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या आहेत : 'खरी कविता अधिक कठीण आहे. ती अधिक चांगली आहे का, यावर आमचं एकमत झालं नाही. पण आम्हाला आवडलेली कविता तुमची नव्हती हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, हे आम्ही विसरणार नाही.'

माझ्या पुढच्या पुस्तकात पानांना आकडे आहेत. हस, मनसोक्त हस.

इथे थांबता आलं असतं. तुझं ऑगस्टचं पत्र आल्यापासून रोज थांबतो आहे.

ताई काहीतरी बोलणार होती आणि खोक्यावरचं माझं अक्षर बघून गप्प बसली, असं तू लिहिलंस. ती काय बोलणार होती ते मला माहीत आहे. आत्या गेली त्या मंगळवारी सकाळीच ताईचा मला फोन आला. म्हणाली, 'माझ्याच्यानं तिला सांगवत नाही रे. तू तिच्या जवळचा. तू सांगशील?' मी हो म्हणालो. 'आत्ता करतो फोन,' असं म्हणालो. ती त्या भरवशावर राहिली.

मी केला नाही. संध्याकाळी करू म्हटलं, मग सकाळी करू म्हटलं. तुझा आवाज ऐकावा लागेल या भीतीने दिवस ढकलले. बुधवारी ताईने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं की तू निघाली आहेस. हे सगळ्यात वाईट. ती तुझी वाट बघत बसली होती, ठिणगी. दाराकडे बघत. आत्याला न्यायचं तिने थांबवता येईल तेवढं थांबवलं.

गुरुवारी तू तिच्यावर ओरडलीस आणि तिने 'चुकलं' म्हटलं. माझं नाव घेतलं नाही. सहा वर्षं घेतलं नाही. तिला दोनदा विचारलं, सांगू का? म्हणाली, नको. आणि मी ते 'नको' आनंदाने ऐकलं.

तू ती कविता पाठवलीस तेव्हा चार महिने उत्तर दिलं नाही ते म्हणून. छापली तीही म्हणून. पुडकं विसरलो हे खरं आहे, मुद्दाम नाही केलं. पण ते सापडलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं.

आता सांगून झालं.

दादा


४ नोव्हेंबर

ठिणगी,

उत्तर नाही, ते योग्यच आहे. तुझी प्रूफं, हस्तलिखितं, तिन्ही पुस्तकांचे हक्क, सगळं एका खोक्यात बांधून ठेवलं आहे. दुसऱ्या कुणाकडे द्यायचं असेल तर पत्ता कळव, पोचवतो.

दादा


१४ डिसेंबर

दादा,

राग पहिल्याच आठवड्यात आला, आणि आला तो बसूनच राहिला. पण उत्तराला उशीर त्यामुळे झाला नाही. ताईला विचारायचं धैर्य होत नव्हतं. ती रविवारी यायची, स्टुलावर बसायची, आम्ही हवापाण्याचं बोलायचो, आणि प्रश्न मी पुढच्या रविवारवर ढकलायचे. तुमच्या दोघांची फोनची भीती काय असेल, ते मला आता कळलं. कळलं म्हणजे पटलं असं नव्हे.

गेल्या रविवारी ती आईच्या चष्म्याच्या काचा पुसत बसली होती. मी तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, 'सांगायचं नव्हतं त्याने.'

मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, सहा वर्षं मी तुला फाडून खाल्लं, पुस्तकात छापलं, ते पान तुझ्याच हातांनी दोनशे वेळा चिकटवून घेतलं, आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस? का?

दादा, तिने काय उत्तर दिलं ते मी तुला जसंच्या तसं देते. म्हणाली, 'तुझ्या कविता छापणारं दुसरं होतं कोण? मला टाकलंस तर तुझी एक बहीण गेली. त्याला टाकलं असतंस तर तुझं लिहिणं गेलं असतं. आई नसताना तुझ्याकडे तेवढंच होतं.' मग चष्मा डबीत ठेवून म्हणाली, 'आणि फोन मी पण करू शकले असते. त्याच्या गळ्यात घातलं ते मीच ना.'

मी तिच्या पायाशी जाऊन बसले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'तेल लावत नाहीस वाटतं.'

कविता मी मागे घेणार नाही. ताई म्हणते, राहू दे, दोन दिवस गेले ते गेलेच. कपाटातली एक प्रत मात्र मी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं छापलेलं पुस्तक वाचायला उघडलं. पान नसलेलंच, जसं समितीने वाचलं तसं. चांगली कविता आहे ती, दादा. मला लिहिता आली नसती.

मग त्या प्रतीत पान चिकटवलं. ती प्रत या पत्रासोबत तुला पाठवते आहे. त्या ओळीत मी कुणाचं नाव घातलं नव्हतं, ते एका परीने बरं झालं. ती वाच. वाचून झालं की पान उलट आणि 'बोका' शेवटपर्यंत वाच.

खोकं कुठेही पाठवू नकोस. नवीन कविता तुझ्याकडे पाठवीन की नाही, ते मला आज सांगता येत नाही. पण रविवारी ताई असते, आणि ती विचारत होती, तो कधी येणार म्हणून.

बोका अजून आलेला नाही. कडी मी अजूनही घालत नाही. पण तू दार वाजवून ये.

ठिणगी